आहूखान्याचा की तांड्याचा? कारवानी कुत्र्याचा माग, राजघाटावरून

बऱ्हाणपूरला राजघाटाच्या पायऱ्यांवर बसलं की पाठीशी शाही किल्ला असतो, समोर तापी. तिला इथले हिंदी बोलणारे ताप्ती म्हणतात, आम्ही घरात तापीच म्हणतो. पाणी उतरलं की पात्रातला दगडी हत्ती उघडा पडतो. पलीकडच्या अंगाला जैनाबाद, आणि तिथेच आहूखाना. बाहेरगावचे पाहुणे आले की शहर दाखवायला मी इथूनच सुरुवात करतो. पाहुण्यांबरोबर आमची सोनीही असते. सोनी म्हणजे आमची कारवानी कुत्री. लांबोडकं तोंड, आत ओढलेलं पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पाहुणे आधी हत्तीकडे बघतात, मग तिच्याकडे, आणि हमखास विचारतात, "हिला खायला घालत नाही का हो?"

या प्रश्नावर मी बरीच वर्षं एक गोष्ट सांगत आलो. "अहो, ही शाहजहानच्या शिकारखान्यातली जात. समोर तो आहूखाना दिसतोय ना, तिथेच हिच्या पूर्वजांची पैदास झाली." पाहुणे खूश, मीही खूश. गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं की घाटावर माहितीचा फलक लावायचा आहे, तर त्यात ही गोष्टही घालावी. मजकूर लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तोंडी सांगणं वेगळं आणि फलकावर लिहिणं वेगळं. लिहायला बसलो तेव्हा पहिल्याच वाक्याला पेन अडलं. मग जे शोधलं, वाचलं, ते या टिपणात मांडतो आहे.

आहू म्हणजे हरीण

सुरुवात शब्दापासून करू. फारसीत 'आहू' म्हणजे हरीण. आहूखाना म्हणजे हरणं राखायची जागा. नावात कुठेही कुत्रा नाही. अकबराने जानेवारी १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि खानदेशची फारुकी राजवट संपली. त्यानंतर अकबराचा धाकटा मुलगा दानियाल इथे सुभेदार म्हणून राहिला. आहूखान्याचा आरंभ परंपरेने त्याच्याकडेच जोडला जातो. त्याला दोन नाद होते, शिकारीचा आणि दारूचा. बापाने दारू बंद केली, पहारे बसवले. तेव्हा त्याच्या लाडक्या बंदुकीच्या नळीत भरून दारू आत पोचवली गेली. नळीतला गंज आणि दारूकामाची राख त्या दारूत उतरली आणि तो दगावला, असं जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. बंदुकीचं नाव दानियालनेच ठेवलं होतं, 'यक्का-ओ-जनाजा'. या बंदुकीचा बार लागला की थेट तिरडी, असा त्याचा भाव. तिरडी निघाली ती त्याचीच.

पुढे शाहजहान बादशहा झाल्यावर १६३० ते १६३२ पर्यंत दख्खनच्या मोहिमेसाठी इथे मुक्कामाला होता. जून १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात गेली ती इथेच. तिला आधी जैनाबादच्या त्याच बागेत पुरलं आणि डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. म्हणजे हरणांच्या बागेची ओळख शेवटी एका तात्पुरत्या कबरीने झाली. या दोन्ही गोष्टी पक्क्या आहेत आणि फलकावर घालण्यासारख्या आहेत. पण कुत्र्यांच्या पैदाशीचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही.

बादशाही कुत्रे

मोगलांकडे शिकारी कुत्रे होते, यात मात्र शंकाच नाही. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत चित्ते, ससाणे यांच्याबरोबर कुत्र्यांचाही कायदा दिलाय. बादशहाला हे जनावर आवडे, देशोदेशीहून ते आणवत, काबूलकडचे, त्यातही हजारा मुलखातले उत्तम, असं तो लिहितो. शाही शिकारीतल्या प्रत्येक 'ताजी' कुत्र्याला रोज दोन शेर मांस मिळे. दोन शेर! आमच्या सोनीला ही नोंद वाचून दाखवायची सोय नाही ते बरंच आहे.

हा 'ताजी' शब्द आपल्या ओळखीचा आहे. जुन्या मराठीत ताजी म्हणजे अरबी घोडा. फारसीत मुळात ताजी म्हणजे अरबी, आणि तेच नाव लांब पायांच्या, नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्यालाही आहे. घोडा आणि कुत्रा दोघांनाही एकच विशेषण लागलं. दोघे एकाच वाटेने आले, निदान एकाच वाटेने आले असं लोकांना वाटत होतं.

जहांगीरला विलायती कुत्र्यांचं वेड होतं. इंग्रज वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरात येऊन शाहजादा परवेझला भेटला आणि पुढे अजमेरला दरबारी गेला. त्याच्याकडे नंतर पाद्री म्हणून आलेल्या एडवर्ड टेरीने एक मजेदार हकीकत दिलीय. इंग्रजांनी नजर केलेले मॅस्टिफ जातीचे दोन कुत्रे बादशहाने इतके डोक्यावर घेतले, की प्रत्येकामागे चार माणसं नेमली. दोघांनी पालखीतून फिरवायचं, दोघांनी माशा वारायच्या. स्वतःच्या हाताने भरवता यावं म्हणून बादशहाने चांदीचा चिमटा करून घेतला.

गोष्ट छान आहे, पण आपल्या कामाची नाही. मॅस्टिफ म्हणजे भारी डोक्याचा, जाड मानेचा, झोंबणारा कुत्रा. आमचा कारवानी त्याच्या अगदी उलट. दरबारात कुत्रे होते एवढ्यावरून आजच्या कुत्र्याची वंशावळ तिथे नेऊन भिडवता येत नाही. मी नेमकं हेच करत आलो होतो.

नावांचा माग

मग हा कुत्रा आला कुठून? त्याची नावंच थोडं सांगतात. आखूड, गुळगुळीत केसांचा तो कारवान किंवा कारवानी. कान, शेपूट आणि पायांना रेशमी झालर असलेला तो पश्मी. कारवान म्हणजे काफिला. पश्म म्हणजे लोकर, पश्मिन्यातला तोच शब्द. दोन्ही फारसी. अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान इथल्या सलुकी आणि ताजी कुत्र्यांशी याचं रूप मिळतंजुळतं आहे, झालरीच्या पश्मीचं तर फारच. तेव्हा वायव्येकडून आलेलं रक्त यात आहे हे मानायला हरकत नाही.

पण फारसी नाव म्हणजे मोगल नाव, असं समजणं ही माझी दुसरी चूक. मोगल दख्खनमध्ये उतरण्याआधी अडीचशे वर्षं बहामनी, मग आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही यांची दप्तरं फारसीत चालत होती. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत इराणच्या आखातातून घोडे उतरत होते. घोडा जहाजातून येतो तिथे कुत्राही येऊ शकतो. म्हणजे दरवाजे अनेक होते. बऱ्हाणपूर त्यातला एक.

आणि हा एक दरवाजा मोठा होता, हेही खरं. सुरतेहून आग्र्याला जाणारा रस्ता या शहरातून जाई. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३० साली याच रस्त्याने गेला, ऐन दुष्काळात. त्याने वाटेत बंजाऱ्यांचा तांडा पाहिला. धान्याने लादलेले चौदा हजार बैल त्याने नोंदवलेत. बायकापोरांसह चालणारा हा समाज, आपल्याकडचे लमाण. फौजा जिथे जातील तिथे धान्य, मीठ पोचवायचं त्यांचं काम. रात्री उघड्या माळावर गोण्यांची तटबंदी करून मुक्काम पडायचा. अशा मुक्कामाला राखणीचा आणि चालता चालता ससा-हरीण धरून देणारा कुत्रा लागतोच. इंग्रजी अमलातल्या कुत्र्यांवरच्या पुस्तकांत 'बंजारा' याच नावाने एक शिकारी जात येते. कारवानी या नावातली काफिल्याची आठवण मला बादशहाच्या छावणीपेक्षा या तांड्यात जास्त पटते. शाही कुत्र्याला दोन शेर मांस देणारा खाटीक छावणीबरोबर उठून गेला. तांड्याचा कुत्रा मात्र माळावर राहिला, धनगराच्या, पारध्याच्या, शेतकऱ्याच्या दारात आला आणि भाकरीवर जगायला शिकला.

त्याही आधीचे

दख्खनला शिकारी कुत्र्याचं कौतुक मोगलांनी शिकवलं असंही नाही. कर्नाटकात मंड्याजवळ अतकूरला एक वीरगळ सापडला, तो आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. काळ इ. स. ९४९-५०, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाचा. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या सरदाराने बक्षीस म्हणून गाव न मागता 'काळी' नावाचा कुत्रा मागून घेतला. तो कुत्रा पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. मणलेराने त्या कुत्र्यासाठी दगड उभारला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. शाहजहानच्या जन्माआधी साडेसहाशे वर्षं!

मराठी मुलखात साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. खंड्या हे त्याचं नाव सांगतात. वाघाच्या झडपेतून त्याने महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका. शाहू १६८९ ते १७०७ औरंगजेबाच्या छावणीत कैदेत वाढले. शिकारीचा षोक त्यांना जन्मभर राहिला.

आणि मुधोळ. घोरपड्यांचं हे मराठा संस्थान आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर लोकांकडचे हे कुत्रे पाहिले, निवडून जोपासले, आणि इंग्लंडचा राजा पाचव्या जॉर्जला एक जोडी नजर केली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव जगात गेलं. आज घोटाळा असा की एक केनेल क्लब याच कुत्र्याला कॅरॅव्हान हाउंड म्हणतो, दुसरा मुधोळ हाउंड. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळचा मान होता. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये लष्कराने मेरठला यांची पिल्लं शिक्षणासाठी नेली.

एवढं सगळं समोर ठेवल्यावर माझं लाडकं वाक्य फलकावर जाण्याजोगं उरलं नाही.

रूप

सोनी माझ्याकडे आली ती मामांकडून, उदगीर भागातल्या एका खेड्यातून. लातूर-उदगीर पट्ट्यात आजही कारवानी आणि पश्मी राखणारी घरं आहेत. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं, आणि त्या तहात बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आलं. म्हणून मी गमतीने म्हणतो, आमच्या गावाला आणि आमच्या कुत्रीला उदगीरनेच इकडे धाडलं.

या कुत्र्याची पारख मामांनी शिकवली. डोकं लांब, निमुळतं, दोन कानांच्या मध्ये थोडं रुंद. डोळे मोठे, तिरकस, गडद. कान मध्यम, लोंबते आणि कवटीला चिकटलेले. मान लांब. छाती खोल, कोपरापर्यंत उतरलेली. पोट एकदम वर खेचलेलं. कंबरेला हलकी कमान. शेपूट निमुळती, टोकाला बाकदार. नर साधारण २६ ते २९ इंच उंच, मादी दीड-दोन इंचांनी कमी. रंग बदामी, राखाडी, काळा, पांढरा, ठिपक्यांचा, कुठलाही. मामा रंगावर कधीच भाव करत नसत. ते पिल्लू उचलायच्या आधी आईला चालताना बघत.

हा वासावर माग काढणारा नव्हे, नजरेवर धावणारा कुत्रा. दूरची हालचाल टिपतो आणि मग पळतो. पळताना एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा आणि एकदा पुढे-मागे पूर्ण ताणले जातात तेव्हा. मोकळ्या नदीपात्रात एकदा हे पाहिलं की बरगड्यांचा प्रश्न कुणी विचारत नाही. स्वभाव अबोल. परक्याने डोक्यावर हात फिरवलेला आवडत नाही. चावत नाही, बाजूला सरकतो.

सांभाळ

सांभाळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वारसा म्हणून हौसेने पिल्लू आणणारे वाढलेत आणि वर्षभरात सोडून देणारेही.

खाणं साधं. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, अंडं, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस मटण किंवा कोंबडी. कांदा-लसणाचा रस्सा कुत्र्याला विषासारखा, तो नको. शिजलेली हाडं नकोत, ती फुटून आतड्यात रुततात. दिवसाचं खाणं दोन वेळेत वाटून द्यावं आणि खाल्ल्यावर लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळलं तर तासाभरात जीव जातो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या पाहिजेत. नीट दिसत नसतील तर कुत्रा लठ्ठ झालाय. कमरेची हाडं टोचू लागली तर मात्र काहीतरी बिघडलंय.

साखळीला दिवसभर बांधलेला कारवानी बिघडतो. सकाळी उन्हाआधी मोकळं पळणं हवं, तेही कुंपणाच्या आत. बऱ्हाणपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे थंडीतही कुडकुडतो. जाड गोधडी घालावी, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. गोचिडी रोज बघाव्यात, त्यांच्यापासून येणारा ताप जीवघेणा असतो. डिस्टेंपर आणि पार्व्होची लस सहा-आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांनंतर, पुढे दरवर्षी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भुलीचं. तीन वर्षांपूर्वी बाभळीच्या काट्याने सोनीची मांडी वीतभर फाटली. कातडी पातळ, त्यामुळे असं होतं. टाके घालायला नेलं. वजन बघून नेहमीच्या हिशेबाने भूल दिली. टाके अर्ध्या तासात झाले, कुत्री मात्र उठेना. संध्याकाळ झाली, रात्र झाली. अंग गार पडत चाललेलं. मी आणि माझी बायको गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून तिच्या पोटाशी लावत रात्रभर बसलो. मामांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "अरे, तिच्या अंगात चरबी कुठंय औषध मुरायला? आधी सांगायचं नाहीस का डॉक्टरला?" पहाटे तिने शेपटीचं टोक हलवलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, थायोपेंटोनसारखी औषधं एरवी शरीरातल्या चरबीत पसरून रक्तातून कमी होतात. ग्रेहाउंड वर्गातल्या सडसडीत कुत्र्यांत ती रक्तात रेंगाळतात, यकृतही ती सावकाश निकाली काढतं. जातीचा इतिहास माहीत असणं म्हणजे काय, हे मला त्या रात्री समजलं. शाहजहानची गोष्ट मला पाठ होती. तिच्या जिवाला लागणारी एक ओळ ठाऊक नव्हती.

काम गेल्यावर

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कुत्र्याचं पिढीजात काम संपलं. काळवीट, चिंकारा सोडाच, ससा धरणंही गुन्हा आहे, आणि कुत्रा सोडून धरवणं म्हणजेही शिकारच. ते योग्यच झालं. आहूखान्याच्या नावातलं हरीण राखायचं असेल तर त्याच्यामागे धावणाऱ्याला आवर घालावाच लागतो. एकदा पात्रातल्या वाळूत सशामागे सोनी सुटली होती. ससा निसटला, आणि त्या दिवसापासून ती घाटावर दोरीत असते.

पण काम गेलं की जात दोन वाटांनी संपते. खेड्यात पोसणं परवडत नाही म्हणून गावठी कुत्र्यांत मिसळून जाते. शहरात तिला नाव आणि किंमत मिळते, आणि मग वंशावळीच्या गोष्टी रचल्या जातात. "बादशाही रक्त", "आहूखान्याची लाइन" असं सांगून पिल्लं विकली जाताना मी ऐकलंय. तशी एक गोष्ट घाटावर बसून फुकटात वाटणारा मी होतो, ही बोचणी आहे. बोलणाऱ्याला वाटतं आपण गावाचं नाव वाढवतोय. विकणाऱ्याच्या हातात मात्र तेच वाक्य दरपत्रक होतं.

विल्यम फिंच नावाचा व्यापारी १६१० साली इथे आला होता. नदीतल्या दगडी हत्तीबद्दल तो लिहितो, की हा इतका हुबेहूब आहे की पाणी प्यायला आलेला खरा हत्ती त्याच्यावर धावून गेला आणि दोन्ही दात मोडून बसला. लोक त्याच्या कपाळाला शेंदूर लावून पूजतात, हेही तो सांगतो. खरा हत्ती खरंच फसला होता की नाही, देव जाणे. पण दिसायला खऱ्यासारख्या गोष्टीवर धावून गेलं की दात मोडतात, हे मला पटलंय.

बैठकीत मी नवा मजकूर वाचला. आहूखाना म्हणजे हरणांची बाग, दानियाल, मुमताजची पहिली कबर, आणि शेवटी एकच वाक्य: "याच रस्त्याने बंजाऱ्यांचे तांडे जात, आणि दख्खनच्या माळावरचा कारवानी कुत्रा आपल्या नावात काफिल्याची आठवण बाळगून आहे." एक ज्येष्ठ सभासद थोडे हिरमुसले. "शाहजहान गेला की हो त्यातून!" म्हणाले. मी म्हटलं, "काका, शाहजहानला या घाटावर काही कमी नाही. कुत्र्याला त्याच्याशिवाय चालेल." मजकूर मंजूर झाला.

आता पाहुण्यांनी सोनीच्या बरगड्यांबद्दल विचारलं की मी तिला बोलावतो, शेवटच्या दोन बरगड्यांवर त्यांचा हात ठेवायला लावतो आणि सांगतो, हे असंच असायला हवं. ती जरा अंग चोरते, पण उभी राहते. मग मी तांड्याची गोष्ट सुरू करतो.